महालातल्या छापखान्याचं एक्सपी सीटीपी आणि मधला सांबा: गेटवे उभारणीच्या नोंदी

जुन्या संगणकाला नव्या नेटवर्कशी जोडणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कॉन्फिग फायलीत ती रोमनमध्येच टाकायची.

५ ऑगस्ट २०२५ : काय आहे, काय हवं

नागपुरातल्या महालातला ऑफसेट छापखाना. संगणकावरून थेट छपाईची प्लेट काढणारं सीटीपी (कॉम्प्युटर-टू-प्लेट) यंत्र ठणठणीत आहे, पण त्याचं रिप (पानाच्या फायलीचं प्लेटवरच्या ठिपक्यांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वर चालतं. रिपचा डोंगल (परवान्याची हार्डवेअर चावी) आणि सीटीपीचं पीसीआय कार्ड त्याच संगणकात आहेत आणि नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर निघालेला नाही. यंत्र बदलायचं तर लाखांचा खर्च, म्हणून संगणक आहे तसाच ठेवायचा.

फायली दोन वाटांनी येतात. आतल्या चार टेबलांवरून नॅसवर (नेटवर्कवरची सामायिक डिस्क), आणि धरमपेठ, सक्करदरा भागातल्या डीटीपीवाल्यांकडून गूगल ड्राइव्हवर. तिथून पुढे पेनड्राइव्ह. दिवसाला तीस-चाळीस फेऱ्या, आणि दर आठवड्याला एखादी चुकीची आवृत्ती प्लेटवर. दसऱ्याच्या आधी दीक्षाभूमीसाठीच्या पुस्तिका आणि दिनदर्शिका सुरू होतात, तेव्हा हे झेपत नाही.

सरळ जोडता येत नाही, कारण एक्सपीला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फायली देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) कळतं. नॅस एसएमबी २ च्या खाली बोलत नाही. विंडोज १० मध्येही १७०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एसएमबी १ मुळात बंद असतं. एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ८ सुरक्षित जोडणीच्या टीएलएस १.० या जुन्या आवृत्तीपर्यंतच जातो, त्यामुळे तिथून ड्राइव्ह उघडणं शक्य नाही.

'नॅसवर एसएमबी १ चालू करा' हा सल्ला दोघांकडून आला. तो नाकारला. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं रॅन्समवेअर याच प्रोटोकॉलच्या भोकातून पसरलं होतं. एका संगणकासाठी सगळ्या छापखान्याचं दार उघडं टाकायचं नाही. मध्ये एक यंत्र (गेटवे) बसवायचं, त्याची एक बाजू एक्सपीशी एसएमबी १ बोलेल आणि दुसरी बाजू नॅसशी आणि इंटरनेटशी आजच्या भाषेत.

७ ऑगस्ट : खरेदी

सीताबर्डीहून वापरलेला मिनी पीसी (८ जीबी रॅम) ६,२०० रुपये, २५६ जीबी एसएसडी १,७००, यूएसबी लॅन अडॅप्टर ८५०, दोन कॅट-६ केबली १८०. रास्पबेरी पाय टाळला. तो ८० अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की प्लेट प्रोसेसरच्या खोलीत त्याचं काय होईल ते आत्ताच दिसतंय.

डेबियन १२ (लिनक्स) टाकलं. त्यात सांबा ४.१७ (लिनक्सवरून विंडोजला एसएमबीने फायली देणारं सॉफ्टवेअर) येतो. चार तास गेले, त्यातला दीड तास बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप चालू हो' हा पर्याय शोधण्यात. तो पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

९ ऑगस्ट : एक्सपी दिसतो, जोडत नाही

मिनी पीसीचं आतलं लॅन कार्ड छापखान्याच्या नेटवर्कला, यूएसबी अडॅप्टर थेट एक्सपीला. मध्ये स्विच नाही. जुन्या बाजूला वेगळे पत्ते: गेटवे १९२.१६८.५०.१, एक्सपी १९२.१६८.५०.२. एक्सपीत डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस मुद्दाम रिकामे. गेटवेवर आयपी फॉरवर्डिंग बंद. पॅकेट या बाजूचं त्या बाजूला जाऊच नये, जाईल ती फक्त फाइल.

एक्सपीवरून शेअर उघडेना. सांबाचा लॉग लेव्हल ३ केला तेव्हा 'नो प्रोटोकॉल सपोर्टेड' दिसलं. सांबा ४.११ पासून किमान प्रोटोकॉल एसएमबी २ असतो. 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' टाकलं आणि सर्व्हर दिसायला लागला.

मग पासवर्ड बरोबर असूनही नाकारू लागला. इथे बहुतेक ठिकाणी 'एनटीएलएम ऑथ' ढिला करून एनटीएलएमव्ही१ ला (पासवर्ड पडताळण्याच्या जुन्या, कच्च्या पद्धतीला) परवानगी द्या असं सुचवतात. गरज नाही. एक्सपीला एनटीएलएमव्ही२ येतं, फक्त तो आपणहून वापरत नाही. रजिस्ट्रीत 'एचकी लोकल मशीन'खाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, एलएसए इथे 'एलएमकॉम्पॅटिबिलिटीलेव्हल' ३ करायचं आणि रीस्टार्ट. लगेच जोडला. सांबा ढिला करण्याआधी जुन्या संगणकात ही सोय आहे का ते बघा. विंडोज २००० मध्येही आहे. विंडोज ९८ असेल तर गोष्ट वेगळी.

'बाइंड इंटरफेसेस ओन्ली = यस' करून सांबा फक्त यूएसबी अडॅप्टरवर बसवला. 'इंटरफेसेस'च्या यादीत लूपबॅक म्हणजे १२७.०.०.१ पण लिहा. तो राहिल्यामुळे एसएमबीपासडब्ल्यूडी पासवर्ड बदलताना अडकत होतं, वीस मिनिटं गेली.

एक्सपीवर केबी४०१२५९८ हा पॅच पेनड्राइव्हने टाकला. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला असला तरी वॉनाक्रायनंतर मायक्रोसॉफ्टने हा खास काढला होता.

११ ऑगस्ट : पहिली रचना, जी टिकली नाही

ड्राइव्हचं फोल्डर आरक्लोनने (क्लाउडवरच्या फायली हाताळणारं साधन) माउंट केलं, म्हणजे स्थानिक डिस्कसारखं जोडलं, आणि तेच माउंट सांबातून एक्सपीला दिलं. एक्सपीला झेड ड्राइव्हमध्ये थेट गूगल ड्राइव्ह दिसला आणि सगळ्यांना काम झालं असं वाटलं. अडचणी अशा निघाल्या:

'अलाऊ अदर' पर्याय आणि फ्यूजच्या (असं माउंट चालवणारी लिनक्सची सोय) कॉन्फिग फायलीत 'युजर अलाऊ अदर' हे दोन्ही नसतील तर सांबाला फोल्डर रिकामं दिसतं. हे सुटतं.

न सुटणारं हे. रिप पीडीएफ सरळ वाचत नाही, आधी शेवट, मग मधलं, मग परत सुरुवात अशा उड्या मारतं. डिस्कवर त्याला वेळ लागत नाही, पण इथे प्रत्येक उडी इंटरनेटवर जाते. १४० एमबीची फाइल उघडायला सात मिनिटं लागली, दोनदा रिपने टाइमआउट दिला. कॅशे मोड 'फुल' केल्यावर दुसऱ्यांदा उघडताना फाइल झटकन येते, पण प्लेटसाठी ती एकदाच उघडायची असते.

१८ ऑगस्ट : बरोबर सात दिवसांनी सगळं बंद

सकाळी झेड ड्राइव्ह रिकामा. लॉगमध्ये टोकन (लॉगिनचा परवाना) कालबाह्य. आरक्लोनचा सामायिक क्लायंट आयडी (गूगलकडची ॲपची ओळख) सगळे वापरतात म्हणून तो अडखळतो, त्यामुळे ११ तारखेला गूगल क्लाउडमध्ये स्वतःचा बनवला होता. ते बरोबरच होतं. पण त्या प्रकल्पाची स्थिती 'टेस्टिंग' राहिली होती, आणि बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीच्या प्रकल्पात त्या स्थितीतलं रिफ्रेश टोकन सात दिवसांनी मरतं. स्थिती 'इन प्रॉडक्शन' करून पुन्हा लॉगिन केलं. 'ॲप तपासलेलं नाही' अशी सूचना येते, स्वतःच्या वापराला ती अडवत नाही.

पाऊण दिवस प्लेट बंद होत्या. टोकन दुरुस्त झालं तरी मुळातली रचनाच चुकीची आहे: जुनं रिप फाइल वाचत असताना पलीकडे इंटरनेट डुगडुगतंय. रिपला इंटरनेटचं असणं-नसणं कळताच कामा नये.

२० ऑगस्ट : रचना बदलली

आता माउंट नाही. टपालासारखं: गेटवे फाइल आपल्या डिस्कवर पूर्ण उतरवतो, तपासतो, मगच एक्सपीच्या हॉट फोल्डरमध्ये (जिथून रिप फाइल आपोआप उचलतं) ठेवतो. एसएसडीवर चार फोल्डर: आवक, तपास, प्लेट, झाले. एक्सपीला फक्त शेवटचे दोन दिसतात.

ड्राइव्हवरून आरक्लोन 'मूव्ह', सिस्टमडीच्या टायमरने दर मिनिटाला. एक फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉकचं कुलूप. नॅस गेटवेवर एनएफएसने (लिनक्सकडची फाइल-वाटपाची पद्धत) जोडला, फक्त वाचण्यापुरता.

नॅसवर फाइल पडताच कळावं म्हणून आधी आयनोटिफाय (फोल्डरमधले बदल कळवणारी लिनक्सची सोय) लावलं. एकही घटना आली नाही. आयनोटिफाय आपल्याच कर्नलमधून झालेले बदल बघतं, दुसऱ्या यंत्राने सर्व्हरवर टाकलेली फाइल त्याला कळत नाही. एनएफएस असो की सीआयएफएस (एसएमबी), टायमरने फेरी मारणं हाच उपाय.

'प्लेट'मध्ये ठेवताना दोन टप्पे. त्याच डिस्कवरच्या 'तपास'मध्ये पूर्ण कॉपी, मग 'एमव्ही' (फाइल हलवण्याची आज्ञा). एकाच फाइलसिस्टिममध्ये एमव्ही म्हणजे फक्त नाव बदलणं, त्यामुळे रिपला अर्धी फाइल दिसूच शकत नाही. दोन्ही फोल्डर वेगळ्या डिस्कवर असतील तर हा फायदा नाही, तिथे एमव्ही गुपचूप कॉपीच करतो.

शेअरवर 'ऑपलॉक्स = नो'. ऑपलॉक असला की एक्सपी 'झाले'मध्ये लिहिलेला मजकूर स्वतःकडेच धरून ठेवू शकतो आणि लिनक्सवरच्या स्क्रिप्टला फाइल अपुरी दिसते.

२२ ऑगस्ट : 'डिस्क फुल', जागा २१० जीबी मोकळी

रिपने फाइल घेतली आणि डिस्क भरल्याचं सांगून थांबलं. जुनी सॉफ्टवेअर मोकळी जागा ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात, २ जीबीच्या पुढे आकडा उलटून ऋण होतो. सांबात यासाठीच 'मॅक्स डिस्क साइज' आहे, एमबीमध्ये. २००० दिलं. एक्सपीला डिस्क २ जीबीची दिसते, प्रत्यक्षात लिहायला अडचण नाही. सेटिंग एका ओळीचं, पण आधी केबल, परवानग्या आणि कोटा तपासण्यात सगळी सकाळ गेली. उद्या मारबतीची मिरवणूक, महाल-इतवारीत गाडी शिरणार नाही, म्हणून यूपीएस आजच आणून ठेवला (२,९००).

२५ ऑगस्ट : चार प्लेटा वाया

सोळा पानी फर्मा. पहिली काही पानं बरोबर, पुढे कोरं. प्लेटचा दर २४० रुपये, चार रंगांच्या चार प्लेटा गेल्या.

कारण समजून घेण्यासारखं आहे. नॅसवरची फाइल पूर्ण झाली का हे स्क्रिप्ट वीस सेकंदांच्या अंतराने दोनदा आकार बघून ठरवत होती. पण विंडोज एक्सप्लोरर कॉपी करताना आधी फाइलचा पूर्ण आकार नेमतो आणि मग आत भरत जातो. आकार पहिल्या क्षणापासून ३१० एमबी, आत मात्र निम्म्यापुढे शून्यं. एसएमबीने वाचलं असतं तर विंडोजच्या लॉकने अडवण्याची शक्यता होती, एनएफएसला ते लॉक लागू नाही. बदलाच्या वेळेवरही विसंबता येत नाही, कारण कॉपीनंतर विंडोज मूळ फाइलचीच तारीख लावतो.

पीडीएफ अर्धी असती तर रिपने चूक दाखवून सोडली असती, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी असते. ही फाइल पोस्टस्क्रिप्ट होती. पोस्टस्क्रिप्ट वरून खाली वाचत जातं, जितकं मिळेल तितकं प्लेटवर.

दुरुस्ती: आकाराचा विचार सोडला. पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्ट दोन्हींच्या शेवटी टक्का-टक्का-ईओएफ ही खूण असते, ती शेवटच्या १ केबीत सापडली तरच पुढे. अगदी शेवटच्या ओळीत शोधू नका, विंडोजचे पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर तिच्यामागे कंट्रोल-डी जोडतात. पीडीएफसाठी शिवाय क्यूपीडीएफ या साधनाची 'चेक' तपासणी. तिचा निकाल ० असेल तर ठीक, २ असेल तर चूक, ३ म्हणजे फक्त इशारे. पहिल्या दिवशी ३ लाही नकार दिला होता, आणि कोरलमधून आलेल्या बऱ्याच चांगल्या पीडीएफ अडकल्या. आता ३ चालतो, लॉगमध्ये नोंद राहते.

ड्राइव्हला हा त्रास नाही. तिथे फाइल पूर्ण चढल्याशिवाय यादीत येत नाही.

२८ ऑगस्ट : देवनागरी नावं

'लग्नपत्रिका_दुसऱ्या बाजू.पीडीएफ' अशी नावं असली की रिपच्या यादीत प्रश्नचिन्हांची रांग. एसएमबी १ युनिकोड नेतं, एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये नाव नीट दिसतं, पण रिप जुन्या कोडपेजवर चालतं आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसं कोडपेजच नाही. सांबाचं 'डॉस कॅरसेट' बदलून बघू नका, त्याने काही होत नाही.

मराठीचं रोमन लिप्यंतर करून पाहिलं आणि सोडलं. 'कवर' आणि 'कव्हर' वेगळे पडतात, नावं लांबतात, ऑपरेटरला ओळखू येत नाहीत. आता गेटवे तारीख आणि क्रमांकाचं नाव देतो, जसं २०२५०८२८-०१४, आणि मूळ नाव एका नोंदवहीत म्हणजे सीएसव्ही फायलीत. ती रिपच्या शेजारच्या पडद्यावर उघडी असते.

नोंदवहीतलं नाव ऑर्डरच्या यादीशी जुळवताना नवीच गाठ. 'दुसऱ्या' दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण जुळत नाही. मॅकवरून आलेल्या नावात ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असं सुटं होतं, विंडोजवर टाइप केलेलं एकसंध. पायथनच्या युनिकोडडेटामधलं 'एनएफसी' रूप लावलं की ते एक होतं. तरी काही उरली: कुणी ऱ्या लिहिताना र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक वापरतो. दिसायला तेच, पण एनएफसी ते एकत्र करत नाही, त्याची अदलाबदल वेगळी लिहावी लागली. मराठी नावांवर काम करणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये हे दोन्ही घाला.

१ सप्टेंबर : ९० एमबीला पाच मिनिटं

शंभरच्या लॅनवर हे दहा सेकंदांचं काम. गेटवेवर ईथटूल (लॅन जोडणीची स्थिती दाखवणारं साधन) चालवलं तर जोडणी '१०० हाफ', म्हणजे एका वेळी एकाच दिशेने. एक्सपीच्या लॅन कार्डावर पूर्वी कुणी तरी '१०० फुल' सक्तीने लावलं होतं. एक बाजू सक्तीची आणि दुसरी ऑटो असली की ऑटो बाजू हाफवर उतरते, मग पॅकेट आदळत राहतात. एक्सपीवर ऑटो केलं. साडेनऊ एमबी दर सेकंदाला.

४ सप्टेंबर : एकच काम पुन्हा पुन्हा

एका पोस्टरच्या फायली दर मिनिटाला हॉट फोल्डरमध्ये पडू लागल्या. ऑपरेटरच्या वेळीच लक्षात आलं म्हणून प्लेट गेली नाही. डीटीपीवाल्याने फाइल स्वतःच्या खात्यातून छापखान्याच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकली होती. फाइलचा मालक तो, छापखान्याच्या खात्याला ती कचऱ्यात टाकता येत नाही. 'मूव्ह'ने फाइल उतरवली, मूळ पुसता आली नाही, पुढच्या मिनिटाला परत तेच.

'मूव्ह'ऐवजी 'कॉपी' केलं आणि उतरलेली प्रत 'आवक'मध्येच ठेवली, म्हणजे आकार आणि वेळ जुळल्यावर आरक्लोन पुन्हा उतरवत नाही. 'तपास'मध्ये हार्डलिंक न करता खरी कॉपी करतो. डेबियन १२ मधला आरक्लोन १.६० सुधारित फाइल जुन्याच फायलीवर लिहितो, हार्डलिंक असती तर रांगेत थांबलेली फाइलही आतून बदलली असती. वर एमडी५ ची, म्हणजे फायलीच्या मजकुराच्या ठशाची, नोंद: जी फाइल एकदा प्लेटकडे गेली ती आपोआप दुसऱ्यांदा जात नाही. प्लेट खराब झाली तर ऑपरेटर ती 'पुन्हा' फोल्डरमध्ये हाताने टाकतो.

८ सप्टेंबर : सकाळचा क्रम

सोमवारी मेन स्विच चालू केल्यावर झेड ड्राइव्हवर लाल फुली. गेटवे चाळीस सेकंदांत उठतो, एक्सपीचा संगणक ऑपरेटर आल्यावर चालू होतो. तोवर केबलच्या पलीकडे कोणी नाही, म्हणून यूएसबी अडॅप्टरला पत्ता मिळाला नाही, आणि पत्ता नाही म्हणून सांबा त्यावर बसला नाही. सिस्टमडी-नेटवर्कडीत त्या अडॅप्टरसाठी 'कॉन्फिगर विदाऊट कॅरियर = यस' केलं. एक्सपीत रिपचा शॉर्टकट स्टार्टअपमधून काढून बॅच फाइल ठेवली: गेटवेला दहा पिंग, 'नेट यूज'ने झेड जोडणं, मग रिप. नंतर वेगवेगळ्या क्रमाने अकरा वेळा बंद-चालू केलं, अकराही वेळा जोडलं.

त्याच वेळी एक्सपीची सीआर२०३२ बॅटरी बदलली (४० रुपये). घड्याळ दर बंदनंतर मागे जात होतं आणि रिपच्या यादीत आजची कामं तळाशी पडत होती.

१२ सप्टेंबर : सगळ्यांत वाईट चूक

ग्राहकाने दुरुस्त करून दिलेलं मुखपृष्ठ छापायचं होतं, प्लेट निघाली जुन्याची. आणखी चार प्लेटा. ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली राहू शकतात. इतर कुठल्याही डिस्कवर हे शक्य नाही, म्हणून मनातच आलं नव्हतं. आरक्लोनला दोन दिसल्या, त्याने एक घेतली आणि दुसरीबद्दल लॉगमध्ये 'डुप्लिकेट ऑब्जेक्ट' अशी ओळ लिहून पुढे गेला.

आता प्रत्येक फेरीआधी आरक्लोनचं 'डीड्यूप' 'रिनेम' पद्धतीत. नावांना क्रमांक लागतात, दोन्ही उतरतात. 'नवीनतम ठेव' हा पर्याय मुद्दाम घेतला नाही, तो जुनी पुसतो, आणि नंतर चढवलेली फाइल दुरुस्त असेलच असं नाही. ज्या नावाला जोड सापडते ती दोन्ही कामं थांबतात आणि ऑपरेटर पान बघून एक सोडतो. डीटीपीवाल्यांनाही फोनवर सांगितलं: दुरुस्ती असेल तर नावात 'दु१', 'दु२' घाला. हे सांगणं पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं.

१९ सप्टेंबर : दारं तपासली

छापखान्याच्या बाजूच्या लॅपटॉपवरून गेटवेवर एनमॅप (उघडी पोर्ट शोधणारं साधन) चालवलं. एसएमबीची १३९ आणि ४४५ ही पोर्ट बंद, फक्त एसएसएच उघडं. राउटरवर एकही पोर्ट फॉरवर्ड नाही, गेटवे स्वतःहून बाहेर ४४३ वर जातो. एक्सपीवरून राउटरला पिंग जात नाही. पुढे जाणाऱ्या फायली फक्त पीडीएफ, पीएस, ईपीएस आणि टिफ, बाकी 'आवक'मध्येच पडून. एक्सपीचा ऑटोरन बंद केला आणि पेनड्राइव्हची जागा टेपने झाकली.

२६ सप्टेंबर : गर्दीचा आठवडा

सोमवारपासून २१२ कामं गेटवेतून गेली. सहा तपासणीत अडकली: चार खरंच अपुरी, दोन पासवर्ड लावलेल्या पीडीएफ, ज्यांचा विचार आधी केला नव्हता. त्यांच्यासाठी वेगळा संदेश घातला.

खर्च: सामान ८,९३०, यूपीएस २,९००, बॅटरी ४०, वाया गेलेल्या आठ प्लेटा १,९२०. एकूण १३,७९० रुपये. वेळ साधारण नऊ दिवस, त्यातले तीन पहिल्या माउंटवाल्या रचनेवर.

उरलेलं: एक्सपीच्या डिस्कची क्लोनझिलाने प्रतिमा घेतली आहे, पण ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून डोंगल चालतो का हे बघायचं आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी.